यंदा खोकं नको

दिनकररावांच्या घराण्यात नको म्हणण्याची एक रीत होती. पंगतीत वाढणारी पुरणपोळी घेऊन आली की ताटावर हात आडवा धरायचा, नको नको म्हणायचं, आणि तिनं तो हात बाजूला सारून पोळी वाढायचीच. पहिल्या नकोला जी मागे फिरली तिला वाढता येत नाही, असं सरळ समजलं जाई. नोकरीसाठी कऱ्हाड सोडून ते लखनौला आले तेव्हा भाषा परकी होती, जेवण परकं होतं, पण ही रीत मात्र ओळखीची निघाली. इथली माणसंही “रहने दीजिए, क्यों तकल्लुफ़ करते हैं” म्हणत म्हणत तिसरा कप रिकामा करत. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढून दिनकरराव निवृत्त झाले, विकास नगरात त्यांनी घर बांधलं, आणि नको म्हणण्यात ते दोन्हीकडचे पटाईत झाले.

त्यांचा एकुलता एक मुलगा निरंजन ह्याच शहरात वाढला. मराठी त्याला सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. पुढे तो टोरांटोला गेला, तिथेच ऋचाशी लग्न करून स्थिरावला, आणि तिकडच्या हवेचा गुण म्हणा की पाण्याचा, नको म्हणजे नकोच असं मानायला शिकला. ह्यात त्याची चूक काय? काहीच नाही. पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं, एवढंच.

नात जुई झाली तेव्हापासून निरंजन दर नाताळला आईबाबांना एक खोकं पाठवायचा. तिकडे सगळेच सगळ्यांना काहीबाही देतात, मग आपल्याच आईबाबांना वगळायचं त्याच्या जिवावर येत असावं. एका वर्षी पाय दाबणारं यंत्र आलं. एका वर्षी कॉफीचं आलं, तेही चहाच्या घरात. एकदा तर जमिनीवर आपलीआपण फिरून केर काढणारी तबकडी आली. ती पहिल्याच दिवशी देव्हाऱ्याखाली जाऊन अडकली आणि आत किरकिरत बसली. निरंजनच्या आईनं, विजयाबाईंनी, तिला झाडूच्या दांड्यानं बाहेर ओढलं आणि त्याच झाडूनं राहिलेला केर काढला. सगळी यंत्रं यथावकाश माळ्यावर गेली. “कशाला उगाच पाठवतोस,” असं दिनकरराव दर वर्षी म्हणत, पण ते खोकं आल्यावर, उघडल्यावर, म्हणजे ज्याला काही अर्थ नाही अशा वेळी.

कारण खोक्याबरोबर फोन यायचा. खोकं माझ्यासमोर उघडायचं, अशी निरंजनची अट असे. नाताळच्या दिवशी तिकडे सकाळ आणि इकडे दिवेलागण, अशा वेळी टॅबलेट रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला जाई आणि त्यात निरंजन दिसू लागे, विस्कटलेल्या केसांचा, घरच्या कपड्यांतला. मागे जुई सोफ्यावर उड्या मारत असे. “बाबा, वो काली वाली तार पीछे लगाओ. पीछे, बाबा. आई, डिब्बा ज़रा कैमरे के सामने पकड़ो.” यंत्र लवकर चालू होत नसे आणि तेच बरं असे. ते चालू होईपर्यंत निरंजन हलायचा नाही. तेवढ्यात जुईचा पडलेला दात बघून व्हायचा, नवे पडदे बघून व्हायचे, ऋचाशी दोन शब्द व्हायचे. बाकी वर्षभर त्याचा फोन यायचा तो गाडी चालवताना, नुसत्या आवाजाचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, चलो बाबा, सिग्नल खुल गया.

ह्या वर्षी त्या नाताळच्या फोनला वेगळंच मोल आलं होतं. विजयाबाईंना काचबिंदू होता. डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात मधोमध एवढंसं उरलं होतं, नळीतून बघावं तेवढं. दिवाळीनंतर दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “दवा चलने दीजिए, पर यह रोशनी कितने दिन रहेगी, मैं कह नहीं सकता.” घरासमोर ई-रिक्षातून उतरताना विजयाबाईंनी दांडी चाचपली आणि म्हणाल्या, “नाताळपर्यंत टिकलं तरी पुष्कळ झालं. निरंजनला आणि जुईला एकदा डोळे भरून बघून घेईन. मग जायचं ते जाऊ दे.”

निरंजनला ह्यातलं काही कळवायचं नाही असं ठरलं. म्हणजे दिनकररावांनी ठरवलं. “तो तिकडे बसून काय करणार? नुसता जीव टांगणीला लागेल त्याचा. कशाला उगाच,” ते म्हणाले, आणि विजयाबाईंनी मान डोलावली. त्या त्याच घरातल्या होत्या ना.

लखनौतल्या मराठी मंडळाचे दिनकरराव जुने कार्यकर्ते. दर हिवाळ्यात मंडळ रस्त्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायचं. त्याच्या नोव्हेंबरातल्या सभेत त्यांनी एक भाषण ठोकलं. नाताळ आला की आपल्या ऑफिसांत, सोसायट्यांत, पोरांच्या शाळांत भेटवस्तूंची देवाणघेवाण सुरू होते, ते म्हणाले. कॉफीचे मग, मेणबत्त्या, फोटोफ्रेमा. ज्याला द्यायच्या नाहीत त्यानं, ज्याला नको आहेत त्याला दिलेल्या. त्यापेक्षा तेच पैसे गारठलेल्या माणसाच्या अंगावर घाला. टाळ्या पडल्या. आणि बोलणं खरंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मंडळाचा तरुण सचिव सुबोध, बँकेत अधिकारी, हसत म्हणाला, “काका, मग सुरुवात तुमच्या निरंजनपासूनच करायची का?” दिनकररावांची मान ताठ झाली. ते म्हणाले, त्यात विचारायचं काय?

त्याच आठवड्यात निरंजनचा फोन आला.

“बाबा, इस बार एक एयर प्युरिफायर देखा है. लखनऊ की हवा तो आप जानते हो. भेज दूँ?”

“नको रे,” दिनकरराव म्हणाले. “यंदा खोकं नको. आम्हा दोन म्हाताऱ्यांना काय करायचंय? त्या पैशांची कंबलं दे मंडळाला. गरिबांना उपयोग होईल.”

हे म्हणताना त्यांच्या मनात काहीही वाकडं नव्हतं. निरंजन कंबलंही देईल आणि खोकंही पाठवील, असं ते धरूनच चालले होते. “वो तो ठीक है बाबा, पर आई के लिए कुछ तो,” असं तो म्हणेल, आपण पुन्हा नको म्हणू, तो पुन्हा म्हणेल, मग आपण म्हणू, बरं बाबा, तुझी हौस. माणसांत असंच असतं. आपल्या माणसांत तर असतंच.

“डन, बाबा,” निरंजन म्हणाला. “सच बताऊँ, बहुत अच्छा आइडिया है. हम लोग भी यही सोच रहे थे, कितना फ़ालतू सामान लेते हैं यार सब. चलो, मैं पैसे भेजता हूँ.”

फोन बंद झाला तरी दिनकरराव तसेच उभे होते. हात ताटावर आडवा धरलेला, आणि वाढणारी केव्हाच पुढच्या पानाकडे गेलेली.

विजयाबाई पलीकडे मटार सोलत होत्या. दाणे बोटांनीच शोधून शोधून ताटलीत टाकत होत्या. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मला विचारायचं होतंत,” त्या म्हणाल्या.

“अगं, ती यंत्रं तुला तरी कुठे हवी होती?”

“यंत्रं नकोच होती. ती लावताना तो असायचा ना समोर.”

“मग फोन काय करणार नाही तो?”

“उघडायला काही असलं तर करेल. नुसता कशाला करेल?” त्यांनी एक शेंग उगाचच दोनदा चाचपली. “बरं, जाऊ दे.”

दिनकररावांना आपली चूक समजली. कुणी समजावून द्यावी लागावी एवढे ते मठ्ठ नव्हते. “मी करतो त्याला फोन. सांगतो, पाठव म्हणून,” ते म्हणाले. पण विजयाबाई एकदम कडक झाल्या. “मुळीच नाही. एकदा नको म्हणून आता मागायचं? मागून घेतलेलं कौतुक मला नको.” आणि तेही दिनकररावांना पटलं. ह्या घरात नको म्हणायला हजार वाटा होत्या आणि हवं म्हणायला एकही नव्हती.

निरंजनचे पैसे वेळेवर आले. सुबोधनं आलमबागच्या बाजारातून ब्लँकेटं आणली, गडद तांबडी, त्यावर काळ्या चौकटी. नाताळच्या आधीच्या रविवारी तिथल्याच बस अड्ड्याबाहेर ती वाटायची ठरली. विजयाबाई म्हणाल्या, मी येणार. धुकं पडलंय, धक्काबुक्की होते, तुला दिसत नाही, असं सगळं सांगून झालं. त्या पदरावरून शाल घेऊन आधीच दारात उभ्या होत्या.

मेट्रोच्या पुलाखाली सुबोधनं त्यांना एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं. “काकू, ही सगळी निरंजनदादाची कंबलं बरं का,” तो कौतुकानं म्हणाला आणि एक घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. विजयाबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. वीण चाचपली, कडेची शिवण चाचपली. मग ती उजव्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ रंग पाहिला. समोर रांग लागली होती, हमाल, रिक्षावाले, फलाटावरच झोपणारे म्हातारेकोतारे. गठ्ठे सुटत होते, फोटो निघत होते, दिनकरराव रांगेत कुणी घुसू नये म्हणून हात पसरून उभे होते. मंडळाच्या कार्यक्रमात चहासुद्धा पदरच्या पैशानं प्यायचा, असा त्यांचा बाणा होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

गठ्ठे संपले तरी रांग सगळी संपली नव्हती. शेवटी एक बाई उरली, पोराला जुन्या चादरीत गुंडाळून छातीशी धरलेली. सुबोध ओशाळला. “काका, ह्यांचं मी उद्या सकाळी आणून देतो. नक्की.” बाईची नजर विजयाबाईंच्या मांडीवर गेली. दिनकररावांची नजर तिच्यामागोमाग तिथेच गेली.

“एक आहे की,” ते म्हणाले, आणि स्टुलापाशी गेले. “दे गं ते.”

“हे राहू दे ना हो,” विजयाबाई हळूच म्हणाल्या. “निरंजनचं आहे.”

“सगळीच त्याची आहेत. वाटायला आणलीत, घरी न्यायला नाही.”

“उद्या आणून देतो म्हणतोय ना सुबोध.”

“रात्र आज काढायचीय त्या पोराला.”

लोक बघत होते. दिनकररावांनी ब्लँकेट ओढलं. विजयाबाईंच्या बोटांनी त्याची कड क्षणभर धरून ठेवली आणि मग सोडली. बाईनं ते पोराभोवती आणि स्वतःभोवती लपेटलं, “भगवान भला करे” म्हटलं आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली. ते पोर त्या रात्री उबेत झोपलं असणार. म्हणूनच तर हे सगळं अवघड आहे. दिनकररावांचं काही म्हणता काही चुकलं नव्हतं, आणि परतीच्या वाटेवर त्यांची बायको त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

नाताळच्या संध्याकाळी विजयाबाईंनी मोरपंखी साडी नेसली. टॅबलेटची काच पदरानं पुसली आणि तो रव्याच्या डब्याला टेकवला. शेजारच्या घरावर चांदणीचा कंदील लावला होता, कुठेतरी पोरं फटाके उडवत होती. बऱ्याच वेळानं फोन वाजला, पण टॅबलेट नव्हे, दिनकररावांच्या खिशातला.

“मेरी क्रिसमस, बाबा. फ़ोटो देखे, बहुत बढ़िया. ऋचा ने सबको दिखाए. हम लोग उसकी फ़्रेंड के यहाँ लंच पर निकले हैं, गाड़ी में हूँ. आई कैसी है?”

“बरी आहे. बोल तिच्याशी.”

विजयाबाई फोनपाशी वाकल्या. “जुई कुठाय रे?” मागून जुईचा आवाज आला, “मेरी क्रिसमस, आजी.” विजयाबाईंनी दिनकररावांकडे तोंड करून हातानं खूण केली, व्हिडिओ लावायला सांगा ना. दिनकररावांनी उलटी खूण केली, गाडी चालवतोय तो. ती खूण त्यांना दिसली की नाही कोण जाणे. तेवढ्यात निरंजन म्हणाला, चलो आई, अपना ख़याल रखना, आणि आवाज गेला.

विजयाबाईंनी टॅबलेट उचलून कपाटात ठेवला. रव्याचा डबा स्वयंपाकघरात नेला. “मी म्हटलं नव्हतं?” त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर दिनकररावांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव एकटेच आलमबागला गेले. त्याच दुकानातून त्यांनी तसंच ब्लँकेट घेतलं, तांबडं, काळ्या चौकटींचं. माळ्यावरून कॉफीच्या यंत्राचं खोकं काढलं, त्यात ते घातलं, वरून चिकटपट्टी मारली. हे सगळं त्यांनी गच्चीच्या जिन्यात बसून केलं. आयुष्यात कधी मंडळाचा कागदही घरी न आणलेला माणूस, चोरासारखा.

“निरंजनचं पार्सल आलंय,” ते खोकं टेबलावर ठेवत म्हणाले. “धुक्यामुळे उशीर झाला म्हणे.”

विजयाबाई उठून आल्या. त्यांनी खोक्यावर हात ठेवले, वरून, बाजूंनी, चिकटपट्टीवरून. “पाठवलंन?” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दिनकररावांना तिकडे बघवेना. “नको नको म्हटलं तरी पाठवलंनच.”

“उघड ना.”

“छे. तो फोन करेल तेव्हा. त्याच्यासमोर उघडायचं असतं.”

हे दिनकररावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोकं टीव्हीखालच्या फळीवर गेलं आणि तिथेच बसलं.

आता मागण्यावाचून इलाज नव्हता. दिनकररावांनी गच्चीवर जाऊन मुलाला आपणहून फोन लावला आणि अडखळत सांगितलं, आईला एक खोकं दिलंय, तू पाठवलंयस असं म्हण, आणि व्हिडिओवर ये, तिला तुला बघायचंय. निरंजन जरा हसला, जरा गोंधळला. “बाबा, इसमें इतना क्या है? इस संडे, पक्का.” दिनकररावांच्या ओठांवर आलं होतं, तिचे डोळे चाललेत रे. “और कुछ, बाबा?” निरंजननं विचारलं. “नाही,” ते म्हणाले. “काही नाही. गाडी जपून चालव.”

तो रविवार गेला. जुईची स्केटिंगची स्पर्धा होती. पुढच्या रविवारी बर्फानं वीज गेली, मग ऋचा तापानं पडली, मग निरंजनला कामासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं. तो थापा मारत नव्हता. त्याचं आयुष्य भरलेलं होतं आणि त्यात ही दोन माणसं कडेला होती, एवढंच. दर रविवारी विजयाबाई साडी बदलत, खोकं टेबलावर येई, आणि रात्री जेवायच्या वेळी परत फळीवर जाई. दिनकररावांना दर वेळी वाटे, फाडावं ते खोकं आणि सांगून टाकावं. पण मग तिच्याजवळ काय राहिलं असतं?

थंडी ओसरली. विजयाबाई हल्ली खोलीतला दिवा लावायला विसरत. पेपर तुम्हीच मोठ्यानं वाचा, ऐकायला बरं वाटतं, म्हणत. भिंतीला हात लावून चालत. दिनकररावांनी ते गुडघ्यांवर लोटलं. गुडघे तर दोघांचेही दुखत होतेच.

होळीच्या आधीच्या रविवारी टॅबलेट वाजला.

घाईघाईत दिनकररावांकडून हिरवं बटण दोनदा चुकलं. मग निरंजन दिसला. केवढा सुटला होता. गाल भरलेले, दाढीत पांढरे केस. आपला मुलगा एवढा पोक्त कधी झाला, असं वाटून त्यांना धस्स झालं. “सॉरी, सॉरी, आई,” तो म्हणाला. “बहुत लेट हो गया. चलो, खोलो मेरा गिफ़्ट.” कबूल केलेलं खोटं त्याच्या लक्षात होतं, पोर वाईट नव्हतं. विजयाबाईंनी खोकं पुढ्यात ओढलं. आणि तेवढ्यात पडद्यावरचं चित्र थिजलं, त्याचे चौकोन झाले, आणि पडदा काळा पडला. आवाज मात्र येत राहिला.

अरे तुझा व्हिडिओ गेला, असं सांगायला दिनकररावांनी तोंड उघडलं. आता हिचा चेहरा पडणार, ह्या धास्तीनं त्यांनी बायकोकडे पाहिलं.

विजयाबाई हसत होत्या. काळ्या पडद्याकडे बघून, मान किंचित कलती करून, भरभरून हसत होत्या.

“बारीक झालास रे,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम हर बार यही बोलती हो,” निरंजनचा आवाज हसला.

“आणि मागे बर्फ केवढं दिसतंय.”

“हाँ, इस साल बहुत गिरा है.”

दिनकररावांना कळलं. दिवा, पेपर, भिंतीवरचा हात, सगळं एकदम कळलं. ते उरलेलं एवढंसंही गेलं होतं. कधी गेलं, कुठल्या दिवशी गेलं, तिनं सांगितलंच नव्हतं. ते खोकं फळीवरून टेबलावर आणि टेबलावरून फळीवर जात असताना केव्हातरी, शेजारच्याच खुर्चीत बसून, ती एकटीच आंधळी झाली होती. त्यांना घोर नको, कशाला उगाच, असं म्हणाली असेल मनाशी. शब्द त्यांचेच होते.

विजयाबाईंनी चिकटपट्टी सोडवली आणि हात आत घातला. बोटं ब्लँकेटवर टेकली आणि थांबली. ती वीण त्यांनी आलमबागच्या पुलाखाली चांगली ओळखीची करून घेतली होती. कडेची शिवण त्यांनी एकदा पुरती चाचपली. मग त्यांनी दिनकररावांच्या दिशेला तोंड वळवलं, ते जिथे बसले होते त्याच्या जरा अलीकडे. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. दिनकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ऊबदार आहे रे,” त्या पडद्याला म्हणाल्या. “रंगही सुरेख आहे. तुझी निवड ना.”

“पसंद आया ना? बस.”

“निरंजन,” दिनकररावांनी सुरुवात केली. “ऐक. आईला...”

विजयाबाईंचा हात टेबलावर चाचपडत त्यांच्या मनगटापाशी आला आणि त्यानं ते घट्ट दाबून धरलं.

“हाँ, बाबा?” निरंजन म्हणाला. “अच्छा सुनो, मैं ही पूछने वाला था. अगले क्रिसमस का क्या? सामान भेजूँ, या फिर वही कंबल वाला?”

पाठव. खोकं पाठव. जन्मात पहिल्यांदा दिनकररावांच्या जिभेवर हो आलं होतं. पण विजयाबाई आधी बोलल्या.

“नको रे. खोकं नको. लोकांना कंबलंच दे. आम्हाला काय करायचंय?”

ह्या घरात जन्मभर नको म्हटलं गेलं ते पुन्हा एकदा आग्रह व्हावा म्हणून. हे नको तसलं नव्हतं. ह्याच्यामागे हवं असं काही उरलंच नव्हतं. दिनकरराव त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. निदान ह्या वेळी तरी त्यानं ऐकू नये, एकदा तरी हात बाजूला सारावा, असं ते मनात घोकत होते.

“डन, आई,” निरंजन म्हणाला.